ओठ पुसायचा सीन आणि जिनदत्त अण्णा

जिनदत्त अण्णांना रक्तपिशाच्च करायची कल्पना माझ्या भाचीची. पण तिला त्यांच्या दारात नेऊन उभी केली ती मी. पुढं जे झालं त्यात माझा वाटा किती, हे अण्णांनी कधी काढलं नाही. ते काढणारही नाहीत. म्हणून मीच सांगते.

अण्णा आमचे शेजारी. आमचं गाव सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, निम्मी गल्ली जैनांची, निम्मी आमची. अण्णांनी चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती तोलली. तोलार म्हणायचे त्यांना. काटा पुरता थांबल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचे नाहीत. हमाल कुरकुरायचे, "अण्णा, वजन दिवाळीला सांगताय का पाडव्याला?" अण्णा मान वर न करता म्हणायचे, "काट्याला घाई न्हाई, तुला कशाला रं?"

दिसायला उंच, वाळलेले, आणि इतके गोरे की उन्हाला उभे राहिले तर कानाच्या पाळ्या लाल दिसायच्या. डोळे घारे. वरचे दोन सुळे बाकीच्या दातांपेक्षा जरा खाली आलेले. दिवस मावळायच्या आत जेवायचे, जेवताना दार लावून घ्यायचे आणि पान उचलेपर्यंत अक्षर बोलायचे नाहीत. पाणी गाळल्याशिवाय घोट नाही, कांदा-बटाटा नाही, मध नाही. वाटेत मुंग्यांची ओळ आली तर ती संपेपर्यंत थांबणार. एकदा लग्नाच्या वरातीतही असे थांबले होते, वाजंत्री पुढं गेली आणि हे मागं राहिले.

माझी भाची प्रांजल, कोरेगावच्या माझ्या भावाची मुलगी. पुण्यात शिकली आणि सिनेमाच्या नादाला लागली. मोठ्या कंपनीत नाही. चार मित्र, एक उसना कॅमेरा आणि जमेल तसा पिक्चर. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली होती तेव्हा संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून शेजारी बघत होती. अण्णांनी दार लावून घेतलं.

"आत्या, दार लावून काय खातात गं हे?"

"भाकरी आणि दोडक्याची भाजी."

"आणि हे कुणाला ठाऊक नसेल तर?"

तिच्या पिक्चरची सगळी गोष्ट या प्रश्नातून निघाली. एका कोरड्या वस्तीवर एक म्हातारा राहायला येतो. कुणात मिसळत नाही, दार लावून जेवतो. वस्तीवरची मेंढरं एकेक करून मरायला लागतात आणि लोकांच्या मनात येतं की हा रक्त पितो. तो खरंच पितो की नाही, हे पिक्चर शेवटपर्यंत सांगत नाही. नाव 'दार लावून'.

मी तिला अण्णांकडं नेली तेव्हा वाटलं होतं, हे हात जोडतील आणि विषय संपेल. अण्णांनी गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, आपल्याकडं वेताळ आहे, मुंजा आहे, हडळ आहे. हे रक्त पिणारं कुठलं? प्रांजल म्हणाली, बाहेरच्या देशातलं. यावर त्यांनी विचारलं, मग तिकडचं काम सोडून ते जतच्या माळावर कशाला आलंय? तिच्याबरोबर आलेली पोरं हसली. अण्णा हसले नाहीत.

"मी रक्त पितो का ह्यात?"

"नाही अण्णा. लोकांना वाटतं तुम्ही पिता."

"म्हंजे आळ हाय."

"आळच."

"मग चालतंय. आळ कुणावरबी येतो."

ते हो का म्हणाले, हे गल्लीत कुणाला कळलं नाही. मला थोडं कळलं. घरात ते एकटे होते. बायको, पद्मावती काकू, सहा वर्षांपूर्वी गेल्या. एकच मुलगी, कीर्ती. ती बी.कॉम. झाली आणि बाविसाव्या वर्षी तिनं दीक्षा घेतली. आर्यिका झाली. म्हणजे पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, अनवाणी गावोगाव चालणं, दिवसातून एकदा बसून ओंजळीत मिळेल तेवढं खाणं. तिथून पुढं तिला बापानंही 'माताजी' म्हणायचं आणि वाकून वंदन करायचं. अण्णांना ते सोसलं नाही. दीक्षेच्या दिवशी काकू गेल्या, अख्खी गल्ली गेली, अण्णा मार्केट यार्डात पोती तोलत बसले. नंतर काकू जिथं तिचा आर्यिकांचा संघ असेल तिथं जाऊन आहार देऊन यायच्या. आहार देणं म्हणजे आपल्या हातानं त्या ओंजळीत घास घालणं. अण्णा एकदाही गेले नाहीत. जाताना काकू एवढंच बोलून गेल्या की मी घातले, आता एक घास तुमच्या हातचा तिला जाऊ दे.

तेव्हापासून अण्णांच्या मनात दुसरं काही नव्हतं. संघ कुठं आहे याची चौकशी करायचे. कधी कर्नाटकात, कधी विदर्भात. आपण होऊन जायचं मात्र धाडस होत नव्हतं. "दीक्षेला न्हाई गेलो, आता कुठल्या तोंडानं जाऊ? हिकडं आल्या तर बघू," म्हणायचे. अशा वाट बघण्यात प्रांजल आली आणि म्हणाली, अकरा दिवस जतला चला. माणसाला घरातून उठायला काहीतरी निमित्त लागतं.

मी स्वयंपाकाला म्हणून बरोबर गेले. जानेवारीचे दिवस. जतच्या पलीकडं यल्लाप्पा नावाच्या धनगराची वस्ती होती. मेंढरं त्याची, झोपडी त्याची, आणि पिक्चरमध्ये पहिला संशय घेणारा माणूसही तोच. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. अण्णांवर त्याचा फार जीव जडला. कॅमेरा लागला की काठी उगारून अंगावर जायचा आणि कॅमेरा बंद झाला की आधी त्यांच्या पाया पडायचा. टँकर आला की त्यांच्या घागरीला फडकं लावून पाणी गाळून द्यायचा. मला म्हणाला, "अक्का, ह्यो माणूस मुंगी मारना, ह्याला बगून पिच्चरमदी लोक भेनार कसं?"

रक्ताचा घोळ झाला तो असा. पोरांनी मध आणि बिटाचं पाणी घालून रक्त करून आणलं होतं. अण्णांनी बाटली हातात घेऊन विचारलं, यात काय आहे. ऐकून बाटली खाली ठेवली. मध चालत नाही, बीट जमिनीखालचं, ते अंगाला लावणार नाहीत. सगळं शूटिंग थांबलं. शेवटी अण्णा स्वतः यल्लाप्पाच्या चुलीपुढं बसले आणि डाळिंबाच्या रसात गूळ घालून आटवून त्यांनीच आपलं रक्त तयार केलं. इतकं छान, दाट उतरलं की पोरांनी टाळ्या वाजवल्या. जखमी कोकरू उचलून आणायचा सीन त्याच रक्तावर झाला. लोक दगड घेऊन धावतात, धोतरावर डाग असतात, आणि हा माणूस खरं तर कोकराला वाचवायला गेलेला असतो. अण्णांना तो सीन आवडला होता.

शेवटच्या दिवशी प्रांजलनं एक जादा सीन मागितला. झोपडीत अण्णा एकटे. पाठमोरे. हळूच वळायचं, धोतराच्या सोग्यानं ओठ पुसायचे, बस्स. ओठाला थोडं लाल. बघणाऱ्यानं ठरवावं. अण्णा आधी नको म्हणाले. आळ वेगळा आणि हे वेगळं, असं त्यांचं म्हणणं. प्रांजल त्यांच्याजवळ बसून समजावत राहिली की प्यायचं नाही, फक्त पुसायचं. तुम्ही काहीच करत नाही. उजेड उतरत चालला होता, पोरं हात बांधून उभी होती. अण्णा भिडेला पडले.

मी कॅमेऱ्याच्या मागं होते. अण्णा वळले, सोगा वर आणला, आणि तो ओठाला लागायच्या आधी त्यांची जीभ बाहेर आली. ओठावरचा थेंब तिनं टिपला. पुन्हा आत गेली. मग त्यांनी ओठ पुसले. प्रांजल पुटपुटली, मिळालं. पोरं नाचायला लागली. अण्णा घागरीपाशी गेले आणि चुळा भरत राहिले. मी मोजल्या नाहीत, पण घागर संपली.

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला ते सांगितलं. मी पापड वाळत घालत होते, ते कुंपणापलीकडून बोलत होते, माझ्याकडं न बघता. त्यांच्यात लहानपणापासून शिकवतात, पिठाचा कोंबडा करून कापला तरी पाप खऱ्या कोंबड्याचंच, कारण मनात कोंबडा असतो. मी म्हटलं, अहो अण्णा, डाळिंबाचा रस तो. तुम्हीच तर आटवलात.

"रस व्हता गं. पण त्या टायमाला मनात रक्त व्हतं. आणि जिभेला गोड लागलं."

मी हसून वेळ मारून नेली. आज वाटतं, तेव्हा नीट ऐकून घेतलं असतं तर.

चैत्रात कळलं की संघ आपल्या गावावरून जाणार, दोन दिवस मंदिरात मुक्काम. अण्णांचं वय त्र्याहत्तर, पण त्या आठवड्यात ते तिशीतले झाले. घर धुऊन काढलं, विहिरीवरून पाणी आणलं, गहू-ज्वारी निवडून धुऊन वाळवली. शेजारच्या सन्मतीची बायको चंदना स्वयंपाकाला उभी राहणार होती. कीर्तीला लहानपणी काय आवडायचं ते आठवून आठवून सांगायचे, मग म्हणायचे, छे, आता त्यांना आवड-निवड नसते. पुन्हा थोड्या वेळानं सांगायचे.

पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जैन गल्लीत दारोदारी माणसं धूतवस्त्र नेसून उभी होती. आम्ही बाहेरचे आपापल्या पायऱ्यांवर. आहाराला निघताना आर्यिका मनाशी एक खूण धरतात. कुणाच्या हातात कलश असेल, कुणाच्या हातात आंबा. ती खूण कुणाला सांगत नाहीत. जुळली त्या दारात थांबतात. कुठंच नाही जुळली तर उपाशी परत. दारातल्या माणसानं वंदन करून थांबायची विनंती करायची आणि मोठ्यानं सांगायचं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. एवढं म्हटलं की मगच आत पाऊल.

अण्णा कलश घेऊन उभे होते, वर नारळ. एकेक आर्यिका जात होत्या. चौथ्या माताजी आल्या, बारीक, किंचित वाकलेल्या. मी लग्न होऊन या गावात आल्यापासून कीर्तीला ओळखत होते, परकर-पोलक्यातली. ओळखायला मला पळभर लागला. अण्णांना लागला नसावा.

"हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि. अत्र तिष्ठ, तिष्ठ."

आणि त्या थांबल्या. खूण जुळली होती. अण्णांनी तोंड उघडलं. त्यांचे ओठ 'म'साठी मिटले आणि मिटलेलेच राहिले. माताजी मान खाली घालून उभ्या. आहाराच्या वेळी त्या बोलत नाहीत.

मागून चंदना म्हणाली, "म्हणा की अण्णा. मनशुद्धी."

मग चंदनाच पुढं आली आणि म्हणायला लागली, तशी त्यांनी हात आडवा केला.

"नको. माझ्या दारात खोटं नको."

माताजी अजून थोडा वेळ थांबल्या. नेमापेक्षा जास्त थांबल्या, असं चंदना अजूनही म्हणते. मग पुढं गेल्या. पुढच्या तीन दारांत खूण जुळली नाही. त्या मंदिरात परत गेल्या आणि त्या दिवशी त्यांचा उपवास पडला, पाण्याचासुद्धा. चैत्राचं ऊन. अण्णांनी चुलीवरचा सगळा स्वयंपाक तसाच ठेवला आणि तेही पाण्याशिवाय बसून राहिले.

गावाला बोलायला विषय मिळाला. मंदिराच्या कमिटीतला जयराज कट्ट्यावर म्हणाला, "पिच्चरात रक्त प्यायला नव्हं? आता देवानं वाचा नेली. बाकीच्यांनी जपा गड्यांनो, सुळं बगितल्यात का त्याचं?" सगळे हसले. मी दुधाची किटली घेऊन तिथूनच चालले होते. मी काही बोलले नाही, आणि ते मला अजून टोचतं.

संध्याकाळी मी अण्णांना म्हटलं, संघाच्या प्रमुख मोठ्या माताजींना जाऊन सांगा, प्रायश्चित्त घ्या, अजून उद्याचा दिवस आहे. ते म्हणाले, मोठ्या माताजींजवळ सगळ्या बसलेल्या असतात, तीही असणार. तिच्या देखत कसं सांगू, की तुझा बाप जिभल्या चाटत होता. दुसऱ्या दिवशी ते गेले, पण कधी, तर सगळ्यांचा आहार उरकल्यावर. मोठ्या माताजी एकट्या बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डाळिंबाच्या रसासकट. नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायला सांगितला.

"एवढंच?" अण्णांनी विचारलं.

"एवढंच. आधीच का आला नाहीत? तोलायचं काम आमचं होतं, ते तुम्ही घरी बसून केलंत."

चार वाजता संघ निघाला. अण्णा शिवेपर्यंत चालत गेले, सगळ्यांच्या मागं.

मी प्रांजलला फोन करून सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आली. अण्णांच्या पायाशी बसून म्हणाली, मी तो सीन काढून टाकते. अण्णांनी तिला विचारलं, तुझ्या पिक्चरला तो पाहिजे का? प्रांजलला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, सगळा पिक्चर त्याच्यावर उभा आहे. "मग ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "म्या केलं ते तू पुसून कसं जाईल? आणि यल्लाप्पाचंबी काम हाय त्यात."

पावसाळ्यात संघाचा चातुर्मास फलटणला होता. अण्णा म्हणायचे, आता मन मोकळं झालंय, दसरा झाला की जातो, चांगला चार दिवस राहतो. मधेच पाय सुजला, मग डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दसऱ्यानंतरच्या रविवारी साताऱ्यात एका छोट्या सभागृहात प्रांजलचा पिक्चर दाखवणार होते. तिनं हट्ट केला म्हणून मी आणि अण्णा गेलो. तिथून पुढं फलटणला जायचं असंच ठरलं होतं. पिशवीत त्यांनी धुतलेलं धोतर-उपरणं वेगळं बांधून घेतलं होतं.

साठ-सत्तर माणसं होती. पडद्यावर अण्णा आले तशी मागची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, बाई, डोळे बघ. अण्णा माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते, दुसऱ्या कुणाला बघावं तसे स्वतःला बघत. कोकराचा सीन आला, लोक दगड घेऊन धावले, आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. चंदनाचा होता. बाहेर जाऊन घेतला. फलटणहून निरोप होता. कीर्ती माताजींचं पोट महिनाभरापासून बिघडलेलं, अन्न उतरत नव्हतं. त्यांनी सल्लेखना घेतली होती, म्हणजे मरण ओळखून एकेक अन्न सोडत जायचं: आधी धान्य सोडलं, मग ताक, फळांचा रस. आता फक्त पाणी घेत होत्या, आणि तेही किती दिवस ते सांगता येत नव्हतं. तोवर गावात कुणी कळवलं नव्हतं, कारण माताजींना आता नातं नसतं.

मी आत येऊन अण्णांच्या कानाशी सांगितलं. ते उठले. शेवटचा सीन व्हायचा होता. तो मी अजूनही पाहिलेला नाही.

फलटणला पोचलो ते दिवस मावळताना. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाण्याची वेळ. अण्णांनी अंघोळ करून धूतवस्त्र नेसलं. मला खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायची परवानगी मिळाली. माताजींना दोघींनी धरून बसवलं होतं. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या त्या, पण साडीच्या आत कुणी आहे की नाही अशा. अण्णा समोर उभे राहिले. मला वाटलं, पुन्हा ओठ मिटतात की काय. पण ते स्वच्छ म्हणाले, यार्डात आकडा सांगायचे तशा आवाजात: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी. पुढचं म्हणताना थांबले, कारण आहार नव्हताच. "जल शुद्ध आहे," म्हणाले.

त्यांनी उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या तिरका केला. माताजींनी ओंजळ पुढं केली. बोटं इतकी बारीक झाली होती की ओंजळीत पाणी ठरत नव्हतं; फटींतून खालच्या ताटात गळत होतं. अण्णांनी धार आणखी बारीक केली. तीन वेळा ओंजळ तोंडाशी गेली. आत किती गेलं कोण जाणे. मग त्यांनी ओंजळ मिटली. वर बघितलं नाही. त्या बघत नाहीत.

अण्णा बाहेर आले, भिंतीला टेकून उभे राहिले.

"संयोगिता, पाणी लय गरम तर न्हवतं न्हवं गं?"

मी म्हटलं, नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माताजींनी पाणीही सोडलं, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे त्यांचं समाधिमरण झालं. हजारो लोक आले. अण्णा गर्दीत एका बाजूला उभे होते. हे वडील, असं कुणी दाखवलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. परतताना कराडला एस.टी. थांबली तेव्हा त्यांनी मला पुन्हा तेच विचारलं. मी दारात होते, पाण्याला हात लावला नव्हता, हे त्यांना माहीत आहे. तरी विचारतात. परवाही कुंपणापलीकडून विचारलं.

"न्हवतं, अण्णा," मी म्हणते. "कोमट होतं."